आबांच्या कॉम्प्युटरमधले मान्यवर

आबांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि आत ओरडून चहा सांगितला. चहा आला. आम्ही तो बशीत ओतून, फुंकून, निवांत प्यायलो. कप आत गेले, धुऊन पालथे पडले. कॉम्प्युटर अजून उठत होता. मग आबांनी शेतातल्या गड्याला फोन करून मोटार चालू करायला लावली. पाणी पाटाला लागलं, कपाशीच्या शेवटच्या सरीपर्यंत पोचलं आणि गड्याचा उलटा फोन आला, की भिजलं सगळं, बंद करू का? कॉम्प्युटर अजून उठत होता. यात मी पदरचं काही घालत नाही. विश्वास नसेल तर कपाशीला विचारा.

"बघितलंस?" आबा म्हणाले. "आता तूच सांग बालाजी, हे यंत्र हाय का जावई?"

मी बालाजी. नेकनूरच्या बसस्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नेकनूरपासून चौसाळ्यापर्यंत असा एकही कॉम्प्युटर नाही ज्याच्या पोटात मी हात घातलेला नाही. लोक मला इंजिनिअर म्हणतात. मी कुणाचं मन मोडत नाही.

आणि आबा म्हणजे आमच्या भागातलं वजनदार माणूस. एके काळी ते पंचायत समितीचे सभापती होते. ते पद जाऊन जमाना झाला, पण ही बातमी आबांना सांगायची कुणी, यावर गावात अजून एकमत झालेलं नाही. त्यामुळे त्यांच्या बैठकीत रोज सकाळी माणसं जमतात, चहा होतो, राज्याचं राजकारण मार्गी लागतं आणि जेवायच्या वेळेला सगळे आपापल्या घरी जातात.

कॉम्प्युटर याच बैठकीत, खिडकीशेजारी, शाल पांघरून ठेवलेला. सत्काराच्या शाली त्या घरात इतक्या, की म्हशीलासुद्धा थंडीत एक मिळते.

पण कॉम्प्युटर हळू उठतो याचा त्रास आबांना नव्हता. आबांना कुठं जायचं होतं? त्रास होता त्यांच्या सुनेला. स्वातीवहिनी अंबाजोगाईच्या, एम.कॉम. झालेल्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला खरं दुखणं सांगितलं.

"बालाजीभाऊ, परवा माझी मुलाखत आहे. पुण्याची कंपनी आहे. हिशेबाचं काम, घरी बसून करायचं. मुलाखत पण इथूनच, ह्याच कॉम्प्युटरवर."

"मोबाईलवर उरकून टाका की वहिनी."

"नाही चालत. ते मला काम देणार, मी कॉम्प्युटरवर करून दाखवायचं अन् ते तिकडून बघणार. आणि मधे लाईट गेली तर?"

'गेली तर' हे त्या माहेरच्या सवयीनं म्हणाल्या. आमच्याकडे 'गेली की' म्हणतात.

घरात इन्व्हर्टर होता, पण जुना. लाईट गेल्यावर तो जागा व्हायला पापणी लवण्याइतका वेळ घ्यायचा. पंख्याला तेवढ्यानं फरक पडत नाही. कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात मरतो आणि त्याला पहिल्यापासून जन्म घ्यावा लागतो. मधली ती पापणी सांभाळायला यूपीएस नावाचा डबा असतो. तोही होता. त्याची बॅटरी कुठल्याशा सभेत माइकला लावली होती. भाषण लांबलं आणि बॅटरी जनतेच्या सेवेत कामी आली. नवी बीडहून यायला आठवडा तरी लागणार होता.

"कंपनीवाले म्हणालेत, तुटलं तर लगेच परत या," वहिनी म्हणाल्या. "फार वेळ लावला तर पुढच्या उमेदवाराला घेणार."

आबांनी घसा साफ केला. "मी काय म्हणलं बालाजी, देऊ द्या एक बार. माझी ना न्हाई. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर पुन्ना मुलाखतीचं नाव काढायचं न्हाई, असं ठरलंय आमचं."

'आमचं' म्हणजे आबांचं एकट्याचं, हे वहिनींच्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हणजे हिशेब सोपा होता. ती एकच मुलाखत, आणि लाईट गेल्यावर हे धूड किती पटकन उठतं, त्यावर त्या बाईची नोकरी.

मी स्क्रू काढले आणि डबा उघडला. आत धूळ असणार हे माहीत होतं. मी एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमधून इतकी माती काढलीय की त्यात कोथिंबीर आली असती. पण इथं आत सगळं गुलाबी होतं. पंखा गुलाबी, तारा गुलाबी, कोपऱ्यातला कोळीसुद्धा गुलाबी.

"आबा, हे काय हो?"

आबांनी वाकून बघितलं. त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "गुलाल हाय रे. मी निवडून आलतो त्या दिसाचा. मिरवणूक थेट बैठकीत आलती."

त्या गुलालानं पंखा जाम होता. पंखा जाम झाला की आतला भाग तापतो, आणि तापलेला कॉम्प्युटर उन्हातल्या बैलासारखा चालतो. मी ब्रश काढला तर आबांनी माझा हात धरला.

"सगळा काढू नगंस. शकुनाचा हाय."

शेवटी चिमूटभर गुलाल पुडीत बांधून देव्हाऱ्यात गेला आणि मला पंखा साफ करायची परवानगी मिळाली.

मग दुसरं काम. त्यात जुनी हार्ड डिस्क होती. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कोठार. जुन्यात एक तबकडी फिरते आणि एक काटा तिच्यावर हिंडून माहिती शोधतो. यांचा काटा म्हातारा झाला होता, सारखा वाट चुकत होता. मी पिशवीतून एसएसडी काढली. हेही कोठारच, पण यात काही फिरत नाही, काही शोधत हिंडत नाही. मागितलं की हजर. दिसायला बिस्किटाएवढी.

"एवढी मोठी डबी काढून हे बिस्कुट बसवायलास व्हय?" आबा म्हणाले. "तुपल्या मनात काय काळंबेरं न्हाई ना?"

जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवलं. त्यात दुपार गेली. मग मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं आणि आबांनी परत चहा सांगायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. कॉम्प्युटर उठला होता! मी कॉलर ताठ केली, वहिनी हसल्या, आणि तेवढ्यात बैठकीत ढोल वाजायला लागला.

स्क्रीनभर पिंटूभाऊ. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल, मागं ढग. तो आमच्याकडं चालत येत होता, इतका हळू की आबांचं जुनं कोठार त्यापेक्षा चपळ म्हणावं. खाली अक्षरं फिरत होती: 'आबांचा कट्टर'. पिंटूभाऊ म्हणजे आबांच्या युवक आघाडीचा प्रमुख. वय पन्नाशीला टेकलेलं. तो गेला, तर दत्तूनाना आले. फेटा, हात जोडलेले, पाठीमागं फुलं उमलतायत. नाना म्हणजे आबांचे सगळ्यात जुने कार्यकर्ते. त्यांच्यामागं आणखी एक. त्याच्यामागं आणखी. गॉगल, फेटे, उपरणी. मी की-बोर्डवरची सगळी बटणं दाबून बघितली. कुणी हलेना.

मग एक चेहरा आला तेव्हा आबा दचकले; एवढ्या पुढपर्यंत त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"हा तर लिंबाजीआप्पा. हा वारला की गेल्या साली!"

आप्पा हात जोडून शांत उभे होते. वारलेली माणसं मतदार यादीत असतात हे मी ऐकून होतो. कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदाच बघत होतो.

"आबा, ही जत्रा कुणी भरवली?"

"वाढदिवसाला भेट दिली रे पोरांनी."

झालं होतं असं. आमच्याकडे वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यात खाली शुभेच्छुकांची रांग असते. कुणाचा फोटो केवढा, कुणाचा कुठं, यावर भावाभावांत बोलणं बंद होतं. पण फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो, आणि वाऱ्यातून वाचला तर कुणाच्या तरी ज्वारीवर झाकायला जातो. म्हणून पिंटूभाऊनं डोकं लढवलं. चौसाळ्याच्या फ्लेक्सवाल्याकडून व्हिडिओ करून घेतला आणि आबांच्या कॉम्प्युटरच्या स्टार्टअपमध्ये बसवला. स्टार्टअप म्हणजे, कॉम्प्युटर उठल्या उठल्या न सांगता जी कामं सुरू होतात त्यांची रांग. आबांनी बटण दाबलं की पहिलं दर्शन पिंटूभाऊचं! हे नानांना कळलं. नानांनी आपला व्हिडिओ करून घेतला. मग बाकीचे कशाला मागं राहतात? आणि फ्लेक्सवाल्यानं त्यात बंद करायची फुलीच ठेवली नव्हती. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मान्यवराला मधेच खाली बसवायची हिंमत आहे का कुणाची?

मी रांग उघडली, एकेकाला निवडलं आणि 'डिसेबल' केलं. डिसेबल म्हणजे माणूस घरातच राहतो, फक्त त्याला न बोलावता दारात यायची बंदी. आबा त्या वेळी परसात होते. वहिनींनी एकदा बंद करून चालू करून बघितलं. डोळे मिटून उघडेपर्यंत कॉम्प्युटर तयार.

"झालं बालाजीभाऊ!" त्या म्हणाल्या.

मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं उचललं असेल-नसेल, तोवर आबांचा फोन.

"बालाजी, तू मपला गट फोडलास."

मी शटर परत खाली ओढलं आणि गाडीला किक मारली.

बैठकीत सुतक पडल्यागत शांतता. कळलं ते असं. दत्तूनाना रोज सकाळी येतात, पेपर वाचतात, कॉम्प्युटर सुरू करतात, त्यात स्वतःला बघतात आणि समाधानानं न्याहारीला घरी जातात. त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर उठला, पण नाना काही आले नाहीत. त्यांनी परत बंद केला, परत चालू केला. आलेच नाहीत. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. टोपी घातली, वहाणा घातल्या आणि सरळ विरोधी गटाच्या घरी जाऊन चहा प्यायला बसले. बिनसाखरेचा, असंही खबऱ्यानं सांगितलं. मुरायचा इरादा असल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या घरी पथ्याचा चहा मागत नाही. पिंटूभाऊनं मोबाईलवर सिंहाचं चित्र ठेवलं होतं आणि खाली 'वेळ आल्यावर दाखवून देऊ'.

"आबा, मी तर फक्त व्हिडिओ..."

"फक्त? आरं, माणूस काय म्हणतो? म्हणतो, आज कॉम्प्युटरमधून काढलं, उद्या तिकिटातून काढतील. जिल्हा परिषद तोंडावर हाय बे! सगळ्यांना परत बसव. आत्ताच्या आत्ता."

आतून वहिनी आल्या. "मामा, उद्या माझी मुलाखत आहे."

"तुपली मुलाखत एक दिसाची हाय सूनबाई. मपली माणसं रोजची हायत."

"सगळे आत बसल्यावर मी कुठं बसू?"

"ते हा बघंल की. इंजिनिअर हाय."

मला पहिल्यांदाच या पदवीचा राग आला. मी मुकाट्यानं सगळ्यांना परत आत घेतलं, लिंबाजीआप्पांसकट.  वहिनी ओट्याच्या पायरीवर बसून पुण्याच्या कंपनीनं सांगितलेली उजळणी करत होत्या, मोबाईलवर, अंगठ्यानं पानं सरकवत. रडल्या असत्या तर मी काही तरी थाप मारून निघून आलो असतो. त्या रडल्या नाहीत, म्हणून अडकलो.

त्याच दिवशी दुपारी गावात अंगणवाडीच्या खोलीचं उद्घाटन होतं आणि आबांच्या हातून फीत कापायची होती. मी कॉम्प्युटरपुढं बसलेलो. आबा समोरच्या खुर्चीत. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, अत्तर, पायात चकचकीत वहाणा. पूर्ण तयार. फोन वाजला.

"आबा, या की. मुलं उन्हात बसल्यात," पलीकडून कुणीतरी.

"कोण कोण आलंय?"

"सरपंच आलेत. ग्रामसेवक आलेत."

"बरं. मी आंघोळीला बसायलोय," असं म्हणून आबांनी फोन ठेवला आणि पायावर पाय टाकला.

परत फोन. अमुक आले, तमुक आले. "माझं डोकं पुसायचं चाललंय." परत फोन. "कपडे घालायलोय." परत फोन. "निघालोच की, चौकात हाय." आबा जागचे हलले नव्हते. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

मला राहवलं नाही. "आबा, पलीकडच्या गल्लीत तर जायचंय. जाऊन यायचं ना."

आबांनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं, की जणू मी पहिलीत नापास झालोय.

"कावून? आत्ता जाऊन सतरंज्या घालू का? आरं, आधी येतो तो खुर्च्या मांडणारा. मग येतो तो बारका पुढारी. मोठा माणूस शेवटी. जेवढा मोठा, तेवढा उशीर. हे एवढं बी कळंना व्हय तुला?"

मला कळलं. असं कळलं, की मी आबांच्या पाया पडलो. त्यांना वाटलं, उपदेशाबद्दल.

आता जरा धंद्यातलं सांगतो. कॉम्प्युटरमध्ये 'टास्क शेड्युलर' म्हणून एक कारभारी असतो. कोणतं काम कधी करायचं ते त्याला सांगून ठेवता येतं. त्यात एक सोय आहे, 'डिले'. म्हणजे कॉम्प्युटर उठल्यावर हे काम लगेच करू नकोस, इतका वेळ थांब, मग कर. बस्स. हत्यार सापडलं होतं. आता फक्त सत्काराची भाषा पाहिजे होती.

फीत कापून झाल्यावर, दिवस मावळायच्या सुमाराला, आबांनी निरोप धाडून सगळ्यांना बैठकीत बोलावलं. दत्तूनाना आले, पण भिंतीकडे तोंड करून बसले. पिंटूभाऊ गॉगल लावून दारात उभा.

"नाना," मी म्हणालो, "काल तुम्हाला काढलं नव्हतं. तुमच्यावर मोठा अन्याय होत होता, तो दुरुस्त करायला घेतला होता."

"कसला अन्याय?" नाना भिंतीला म्हणाले.

"तुम्ही एवढे जुने, आणि त्या फ्लेक्सवाल्यानं तुम्हाला कॉम्प्युटर उठल्या उठल्या आणून उभं केलं. अजून आबा खुर्चीत बसले नाहीत, पंखा लागला नाही, आणि नाना हजर! सतरंज्या घालायला आल्यागत. आम्हाला बघवत नव्हतं."

नानांनी तोंड वळवलं. विचार आत उतरत होता, तो त्यांच्या मिशीवरून दिसत होता.

"मग?"

"मग आता नवी पद्धत आलीय. मान्यवराला उशिरानं आणायचं. कॉम्प्युटर उठेल, घरातली किरकोळ कामं होतील, वातावरण तयार होईल, अन् मग नानांचं आगमन."

"किती उशिरानं?"

"तुम्ही म्हणाल तसं. अर्धा तास?"

"अर्धा तास कर," नाना म्हणाले. डोळे मिटून, तृप्तीनं.

दारातून पिंटूभाऊ आत आला. "अन् मी?"

"तू आधीच यायचं," नाना म्हणाले. "युवक हायस. पळापळ करायची तुमीच."

"कावून? मी युवकचा प्रमुख हाय. मला तासाभरानं टाक रे बालाजी."

"हे पोरगं माझ्यामागून येणार?" नाना ताडकन उठले. "मला दोन तासानं कर!"

आणि बोली सुरू झाली. मोंढ्याच्या बाजारात कापसाची अशी होत नाही. जो तो एकमेकांवर तास चढवायला लागला. एकानं तर 'मला उद्या आणा' म्हणून सांगितलं. कॉम्प्युटर रोज बंद होतो हे त्याला समजावताना माझी दमछाक झाली. मी लिहून घेत होतो, कारभाऱ्याला सांगत होतो, आणि दर बोलीला मान हलवत होतो, की वा, शोभतंय तुम्हाला. दारात वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. खोकला आल्यासारखं दाखवत होत्या, पण मी दुरुस्तीवाला आहे, आवाजावरून बिघाड ओळखतो.

शेवटी सगळे आबांकडे वळले. आबांची स्वतःचीही एक चित्रफीत होती. घोड्यावरची.

आबांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "मी सगळ्यांच्या शेवटी. प्रथेप्रमाणं."

टाळ्या पडल्या. नानांनी उठून पिंटूभाऊला मिठी मारली. गट सांधला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत. आबांनी सगळ्या कार्यकर्त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं होतं आणि 'आवाज काढला तर याद राखा' असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की पुण्यात ऐकू गेलं असावं. मी वायर धरायच्या निमित्तानं कोपऱ्यात. मी पोचलो तेव्हा वहिनी पुण्याच्या साहेबांशी बोलायलाही लागल्या होत्या. साहेबांनी एक किचकट हिशेब दिला. वहिनींची बोटं पेरणीच्या पाभरीसारखी सरळ, न थांबता चालली होती.

आणि लाईट गेली.

इन्व्हर्टरची पापणी लवली. स्क्रीन काळा. ओट्यावरून पिंटूभाऊ ओरडला, "लाईट गेली रे!" ही बातमी त्यानं दिली नसती तर आम्हाला कळली नसती. वहिनींनी लगेच परत बटण दाबलं. कॉम्प्युटर उठला. झटक्यात उठला, माझी छाती फुगली, आणि ढोल वाजायला लागला.

लिंबाजीआप्पा!

बोलीत त्यांच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं. त्यामुळे ते होते तिथंच राहिले होते, रांगेत, आणि बाकीचे मागं सरकल्यानं आता पहिल्या नंबरावर. फुलं उमलत होती. आप्पा हात जोडून उभे होते. बंद करायला फुली नाही.  मनात म्हटलं, आप्पा, जिवंतपणी कधी घाई केली नाहीत, आता तेवढी करा. आबांच्या सगळ्या गटात वेळेवर येणारा हा एकच माणूस निघाला होता, आणि तो वारलेला.

आप्पांनी नमस्कार पुरा केला आणि गेले. पाठोपाठ कुणीही आलं नाही. नाना नाहीत, पिंटूभाऊ नाही, घोडा नाही. सगळे आपापल्या मोठेपणात थांबले होते. वहिनींनी दोन ठिकाणी क्लिक केलं आणि साहेबांचा चेहरा परत समोर.

"अरे, आलात पण?" साहेब म्हणाले. "मी पुढच्या उमेदवाराला फोन लावत होतो. ठेवतो. चला, कुठे होतो आपण?"

वहिनींनी पुढची ओळ लिहिली. लाईट नंतर आणखी एकदा गेली. तेव्हाही आप्पा येऊन गेले आणि बाकी मान्यवर पुन्हा घरी जाऊन आंघोळीला बसले. हिशेब पुरा झाला. तो बरोबर होता. त्यात माझं काही कर्तृत्व नाही, एवढं मीही कबूल करतो.

मी नंतर वहिनींना विचारलं, सकाळी चालू करताना आप्पा दिसले नव्हते का?

"दिसले की," त्या म्हणाल्या. "एकटेच होते. म्हटलं राहू द्या, त्यांनी कधी काही मागितलं नाही."

चार दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला. आबांनी पेढे वाटले आणि चौकात फ्लेक्स लागला: 'सूनबाईंची पुण्याच्या कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मधोमध आबा. उजवीकडे नाना, डावीकडे पिंटूभाऊ गॉगलसह, खाली शुभेच्छुकांची रांग. स्वातीवहिनींचा फोटो जागेअभावी राहिला.

आता त्या रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करतात, तो ताबडतोब उठतो, त्या कामाला लागतात. जेवायला उठतात तेव्हा बंद करतात, काम संपलं की बंद करतात, आणि मधल्या मधे लाईट आपलं कर्तव्य करतेच. दर वेळी सगळ्यांचा उशीर पहिल्यापासून मोजला जातो. त्यामुळे आप्पा सोडले तर आजतागायत एकही मान्यवर पोचलेला नाही. नाना आठवड्यातून एकदा चौकशी करतात.

"सूनबाई, आलतो का मी?"

"अजून नाही नाना. तुमच्या आधीचेच कुणी आले नाहीत."

नाना मान डोलावतात आणि खूश होऊन घरी जातात.

मध्यंतरी आबांनी बीडच्या पाहुण्यांना घोडा दाखवायला म्हणून कॉम्प्युटरपुढं बसवलं. चहा झाला, जेवण झालं, पाहुणे आडवे झाले, उठून गावाला गेले. आबांना जराही वाईट वाटलं नाही. निरोप देताना ते पाहुण्यांना सांगत होते, "आपलं यायला जरा उशीरच व्हतो."

मला लोक विचारतात, कॉम्प्युटर लवकर उठायला काय करावं? मी धूळ, पंखा, एसएसडी, सगळं सांगतो. त्याचे पैसे लागतात. वर एक सल्ला मात्र फुकट देतो. नको असलेल्याला काढायला जाऊ नका, तो बोंब मारतो. त्याला प्रमुख पाहुणा करा. मग तो येतच नाही.